आकड्यांना चुना लावू नका!

फर्स्ट इयरची केमिस्ट्री लॅब ही आपल्यापैकी बहुतेकांच्या आयुष्यातली शेवटची केमिस्ट्री लॅब असते. मेकॅनिकलवाला म्हणतो, आपल्याला काय करायचंय, आपण मशीनवाले. कॉम्प्युटरवाला तर तेवढंही म्हणत नाही. तरी त्या जर्नलमध्ये दोन प्रॅक्टिकल ठरलेली असतात: ईडीटीएने पाण्याचा हार्डनेस काढणे आणि ॲसिडने पाण्याची अल्कलिनिटी काढणे. पहिल्यात वाइन रेड रंगाचा निळा होतो, दुसऱ्यात पिवळ्याचा नारिंगी-लाल होतो. निदान व्हायला हवा. प्रत्यक्षात पहिल्या बेंचवर तो होतो आणि मागच्या सगळ्या बेंचवर फक्त जर्नलमध्ये होतो. ब्युरेटचं रीडिंग ९.८, ९.८, ९.८. कॉन्स्टंट बरं का! ही 'सेट रीडिंग' सीनियरकडून ज्युनियरकडे वारसाहक्काने येतात, आणि त्यांना वारस लावायला तलाठ्याकडेही जावं लागत नाही.

मित्रांनो, हा लेख या दोन प्रॅक्टिकलवर आहे. लगेच पान उलटू नका, कारण यात मासे आहेत, प्रवाळ आहेत, पानपट्टीवरचा चुना आहे आणि आपल्या चाकणच्या कंपन्याही आहेत. माझं म्हणणं एका वाक्यात सांगायचं तर असं: कॅल्शियम आणि अल्कलिनिटी हे दोन आकडे जोडीने वाचायला जो शिकला आणि जसे आले तसे लिहायला जो शिकला, तो इंजिनिअर. बाकीचे आपण सगळे डिग्रीधारक.

समुद्र कुठला आणि पिंपरी कुठली

खाऱ्या पाण्याची टाकी, म्हणजे ज्याला शौकीन मंडळी 'रीफ टँक' म्हणतात, तिचं वेड आपल्याकडेही आहे. २००३ साली 'फाइंडिंग निमो' आला आणि तो नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांचा मासा घराघरांत ओळखीचा झाला. निगडी-प्राधिकरणापासून चिखलीपर्यंत दिवाणखान्यात तीन फुटी टाकी, वर निळा एलईडी, आत आरओच्या पाण्यात कालवलेलं तयार समुद्री मीठ, असा थाट करणारे लोक आहेत. समुद्र इथून घाट उतरून शंभर किलोमीटरच्या पुढे. इथे दिवाणखान्यात समुद्र करायचा म्हणजे तो पावडरीतून आणि ग्रॅमच्या काट्यावरच करायचा.

गोड्या पाण्याच्या टाकीत आपण खाणं घातलं, फिल्टर धुतला की झालं. खाऱ्या टाकीत तेवढ्यावर भागत नाही. तिथे प्रवाळासारखे जीव पाण्यातलं कॅल्शियम आणि बायकार्बोनेट घेऊन स्वतःचं घर बांधतात. मंगळासाठी बोटात घालतात ते पोवळं वेगळ्या जातीचं, पण मटेरियल तेच, कॅल्शियम कार्बोनेट. आपली चुनखडी तीच, गोगलगायीचं शंखही तेच. भाजलं की कळीचा चुना, त्यात पाणी घातलं की पानाला लावायचा चुना. म्हणजे एकाच खानदानातली मंडळी.

आता गणित. कॅल्शियमचा एक आयन आणि बायकार्बोनेटचे दोन आयन मिळून कॅल्शियम कार्बोनेट होतं, वर थोडा कार्बन डायऑक्साइड आणि पाणी सुटतं. याचाच दुसरा अर्थ असा, की अल्कलिनिटी १ मिलिइक्विव्हॅलंट प्रति लिटर उतरली तर कॅल्शियम २० मिलिग्रॅम प्रति लिटर उतरतं. टाकीवाले अल्कलिनिटी 'डीकेएच' या जर्मन अंशात मोजतात. १ मिलिइक्विव्हॅलंट म्हणजे २.८ डीकेएच, आणि आपल्या जर्नलच्या भाषेत ५० पीपीएम कॅल्शियम कार्बोनेट. हे प्रमाण ना टाकीवाल्याच्या मर्जीवर बदलतं, ना प्रवाळाच्या.

खरी गंमत पुढे आहे. समुद्राच्या पाण्यात कॅल्शियम असतं साधारण ४१० ते ४२० पीपीएम, आणि अल्कलिनिटी असते साधारण ६.५ ते ७ डीकेएच. समजा प्रवाळांनी २० पीपीएम कॅल्शियम खाल्लं. ४२० चं ४०० झालं. पाच टक्केसुद्धा नाही, कोणाला पत्ताही लागणार नाही. पण त्याच वेळी अल्कलिनिटी ७ ची ४.२ झाली! चाळीस टक्के गायब. हॉस्टेलच्या भाषेत सांगायचं तर कॅल्शियम म्हणजे बापाने केलेली एफडी आणि अल्कलिनिटी म्हणजे खिशातले सुटे पैसे. खर्च दोन्हीतून सारखाच होतो, पण कडकी आधी खिशाला येते. म्हणून जाणकार माणूस रोज अल्कलिनिटी बघतो आणि कॅल्शियम आठवड्याने बघतो. नवखा माणूस नेमकं उलटं करतो. 'कॅल्शियम' हा शब्द त्याने दुधाच्या जाहिरातीत ऐकलेला असतो, म्हणून तो कॅल्शियमच ओतत राहतो.

एकाच आकड्याच्या मागे धावलं की

टाकी बिघडवण्याचा सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे एकच आकडा धरून बसणं. एक उदाहरण बघा. पावसाळ्यात आपण खिडक्या लावून घेतो. बंद फ्लॅटमध्ये चार माणसं, एक गॅस. हवेतला कार्बन डायऑक्साइड वाढतो, तो पाण्यात उतरतो आणि पीएच खाली येतो. टाकीवाला घाबरतो आणि दुकानातून 'पीएच वाढवायची' बाटली आणून ओततो. त्या बाटलीत बहुधा सोडाच असतो. पीएच तासाभरासाठी वर जातो, परत खाली येतो. तो परत ओततो. चार दिवसांनी अल्कलिनिटी आभाळाला टेकलेली असते, मग एके दिवशी पाणी दुधासारखं पांढरं होतं आणि कॅल्शियम कार्बोनेटचा पाऊस पडतो. पंपावर थर, हीटरवर थर, आणि कॅल्शियम गेलं तळाला. आता तो कॅल्शियमची बाटली आणायला निघतो.

यात चुकलं काय? कार्बन डायऑक्साइड वाढला की पीएच बदलतो, पण अल्कलिनिटी जागची हलत नाही. त्याने अल्कलिनिटी मोजली असती तर ती ठीक आहे हे दिसलं असतं, आणि इलाज दुकानात नाही, खिडकीत आहे, हे कळलं असतं. एक खिडकी उघडायची. शून्य रुपये!

दुसरा भिडू मॅग्नेशियम. समुद्राच्या पाण्यात ते साधारण १२८० ते १३०० पीपीएम असतं. ते कॅल्शियम कार्बोनेटच्या वाढत्या स्फटिकात जाऊन बसतं आणि त्याची वाढ अडवतं. म्हणूनच समुद्राचं पाणी हिशोबाने अतिसंपृक्त असूनही एकदम साखळत नाही. मॅग्नेशियम उतरलं तर तुम्ही कितीही कॅल्शियम आणि सोडा घाला, दोन्ही एकमेकांना धरून खाली बसतात. तेव्हा कॅल्शियम टिकत नाही अशी तक्रार असेल तर तिसरा आकडाही बघावा लागतो.

आणि आता आपल्या जर्नलकडे या. लॅबमध्ये आपण एरिओक्रोम ब्लॅक टी वापरून पीएच १० ला ईडीटीए घालतो तेव्हा कॅल्शियम आणि मॅग्नेशियम दोन्ही मिळून मोजलं जातं. समुद्राच्या पाण्यात मोलच्या हिशोबाने मॅग्नेशियम कॅल्शियमच्या पाचपट असतं, म्हणजे एकूण हार्डनेस ६००० पीपीएमच्या वर. त्यातून एकट्या कॅल्शियमचं काय ते कळत नाही. पण सोडियम हायड्रॉक्साइड घालून पीएच १२ च्या वर नेला की मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड होऊन बाहेर पडतं, आणि मग म्युरेक्साइडसारखा दुसरा इंडिकेटर टाकून नुसतं कॅल्शियम मोजता येतं. म्हणजे सामान तेच, ब्युरेट तेच, एक पायरी जास्त. नमुना पातळ करून घेतला की झालं. बाजारातल्या महागड्या टेस्ट किटमध्ये याच जातीचं रसायनशास्त्र छोट्या बाटल्यांत भरलेलं असतं. जे आपल्या कॉलेजच्या लॅबमध्ये फुकट पडून आहे, तेच.

किती ग्रॅम, ते काढा की राव!

टाकीवाले बाटलीवरचं 'रोज एक झाकण' वाचून डोस देतात. इंजिनिअरिंगच्या पोराने असं करावं म्हणजे कमालच आहे. २०० लिटरची टाकी धरा. दोन दिवस काहीही न घालता एकाच वेळेला अल्कलिनिटी मोजली आणि ती रोज १ डीकेएचने उतरते असं दिसलं. १ डीकेएच म्हणजे ०.३५७ मिलिइक्विव्हॅलंट प्रति लिटर. गुणिले २०० म्हणजे साधारण ७१. खाण्याच्या सोड्याचा रेणुभार ८४, म्हणून रोज ६ ग्रॅम सोडा. (खाण्याचा सोडा, बेकिंग पावडर नव्हे! पावडरीत इतर भानगडी असतात.) जोडीला कॅल्शियम क्लोराइड डायहायड्रेट साधारण सव्वापाच ग्रॅम. दोन्ही वेगवेगळ्या पाण्यात विरघळवायचं आणि वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या कोपऱ्यात, हळूहळू सोडायचं. एकत्र ओतलं तर टाकीत प्रवाळ वाढायच्या ऐवजी बादलीत खडू तयार होईल.

हिशोब इथे संपत नाही. सोड्यातलं सोडियम आणि दुसऱ्यातलं क्लोराइड उरतं, म्हणजे रोज चार ग्रॅमच्या वर साधं मीठ टाकीत साठत जातं. म्हणून अधूनमधून पाणी बदलावं लागतं. जे आत गेलं ते कुठेतरी असणारच. मास बॅलन्स म्हणतात तो हाच.

यापेक्षा जुना आणि सुटसुटीत मार्ग म्हणजे चुन्याची निवळी. आपल्या आज्या चुना पाण्यात कालवून, वरचं नितळ पाणी काढून औषधाला ठेवायच्या, तीच निवळी. टाकीवाले तिला जर्मन नावाने 'काल्कवासर' म्हणतात, म्हणून ती महागाची वाटते. एक लिटर पाण्यात जेमतेम दीड-पावणेदोन ग्रॅम चुना विरघळतो, पण त्यातून कॅल्शियम आणि अल्कलिनिटी बरोबर त्याच २० ला १ या प्रमाणात मिळतात, आणि मागे मीठ उरत नाही. वरच्या टाकीला रोज पावणेदोन लिटर निवळी पुरते, आणि साधारण तेवढंच पाणी रोज वाफ होऊन उडतं. म्हणजे उडालेलं पाणी भरायच्या जागी निवळीच थेंबथेंब सोडायची. पण जपून. तिचा पीएच १२ च्या वर असतो, डोळ्यात उडाली तर जन्माची अद्दल घडते आणि एकदम ओतली तर मासे गेलेच. पानपट्टीवरचा चुनाही घालू नका, त्यात काय काय असेल ते पानवाल्यालाही ठाऊक नसतं.

डोस मोठा करून आकडा एका दिवसात जागेवर आणायचा मोहही टाळावा. कंट्रोल सिस्टिममध्ये 'हंटिंग' शिकवतात ना, तेच होतं. आज ५, उद्या १२, परवा ६. प्रवाळाला ७ चालतं, ९ सुद्धा चालतं, पण रोजचा झोका चालत नाही.

आणि कायद्याचं काय?

इथपर्यंत वाचून कोणी टाकी घ्यायला निघाला असेल तर एक मिनिट थांबा. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. त्याच्या अनुसूची १ मध्ये २००१ साली रीफ बांधणारे दगडी प्रवाळ, काळे प्रवाळ, समुद्रपंखे हे सगळे आले. वाघ ज्या अनुसूचीत, त्याच अनुसूचीत. दुकानदार हळू आवाजात सांगतो, 'हे इंडोनेशियाचं आहे, आपल्याकडचं नाही, चालतं.' पण त्या यादीत देशाचं नाव लिहिलेलं नव्हतं, दगडी प्रवाळांचा अख्खा गण लिहिलेला होता. किनाऱ्यावरून उचललेला मेलेला तुकडाही शोभेला घरी आणू नये.

हे उगाच नाही. आपल्या महाराष्ट्रालाही प्रवाळ आहेत, हे किती जणांना माहीत आहे? मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ सालचं, २९ चौरस किलोमीटरच्या आसपास. विजयदुर्गपासून शंभर किलोमीटरहून आत समुद्रात आंग्रिया बँक आहे, कान्होजी आंग्र्यांच्या नावाची, पाण्याखाली वीसेक मीटरवर पसरलेली. आणि २०२० साली मुंबईच्या कोस्टल रोडच्या कामात वरळी-हाजी अलीच्या खडकांवरच्या प्रवाळांच्या वसाहती उचलून दुसरीकडे लावाव्या लागल्या, तेव्हा अनेक मुंबईकरांना पहिल्यांदा कळलं की आपल्या दारातही प्रवाळ आहेत. तेव्हा दिवाणखान्याच्या शोभेसाठी रीफ फोडणाऱ्या धंद्यात आपला एक रुपयाही जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

मग काय ठेवता येतं? सिमेंटचे किंवा सिरॅमिकचे खडक, त्यावर धरणारं गुलाबी चुनेरी शेवाळ, गोगलगायी, निमोची जात. शेवाळही कॅल्शियम कार्बोनेटच बांधतं, फक्त सावकाश. अशा टाकीला रोज डोस लागतच नाही, पाणी वेळेवर बदललं की बहुतेक वेळा भागतं. तरी लोक परदेशी व्हिडिओ बघून पंपाने डोस देतात. तिथल्या टाकीत पन्नास दगडी प्रवाळ, आपल्या टाकीत दोन गोगलगायी आणि थोडं शेवाळ! खप मोजल्याशिवाय पुरवठा ठरवायचा नाही, हे आपण इन्व्हेंटरी कंट्रोलमध्ये पाठ करतो आणि घरी येऊन विसरतो.

चाकणला हेच सगळं, पण उलटं

आता म्हणाल, हे सगळं शौकिनांचं. आपल्याला प्लेसमेंट हवी. चला तर मग चाकणला.

भोसरी, तळवडे, चाकण, महाळुंगे, कुठल्याही शेडच्या मागे जा. कूलिंग टॉवर दिसेलच. कॉम्प्रेसर, इंडक्शन फर्नेस, मोल्डिंग मशीन, चिलर, सगळ्यांचं गरम पाणी तिथे गार होतं. गार होताना पाणी उडतं, क्षार मागे राहतात. चारपट आटलं की कॅल्शियम चारपट, अल्कलिनिटी चारपट. त्यात कॅल्शियम कार्बोनेटची खोड अशी की पाणी तापलं की ते जास्त विरघळायच्या ऐवजी कमी विरघळतं. म्हणून थर कुठे बसतो, तर नेमका सगळ्यात गरम नळीवर. या थराची उष्णता वाहून नेण्याची क्षमता तांब्याच्या शंभराव्या भागाहूनही कमी. कागदाएवढा थर बसला तरी कंडेन्सर घामाघूम होतो आणि विजेचं बिल चढतं.

बघा, तीच दोन पात्रं, फक्त नाटक उलटं. टाकीवाल्याला कार्बोनेट बसायला हवं, पण प्रवाळावर. प्लँटवाल्याला ते कुठेच बसायला नको. १९३६ साली लँग्लियर नावाच्या अमेरिकन प्राध्यापकाने पाणी थर बसवेल की लोखंड खाईल हे सांगणारा निर्देशांक काढला. त्यात पीएच, तापमान, टीडीएस, कॅल्शियम आणि अल्कलिनिटी असे पाच आकडे लागतात. धन आला तर थर बसण्याकडे कल, ऋण आला तर गंजण्याकडे. पाचातले दोन आपल्या त्या दोन प्रॅक्टिकलमधले.

आता मुद्द्याचं. समजा टॉवरला येणाऱ्या पाण्यात क्लोराइड ४० आणि हार्डनेस १५०. टॉवरमध्ये क्लोराइड मिळालं १६०. क्लोराइड कुठे बसत नाही, म्हणून पाणी चारपट आटलंय हे नक्की. मग हार्डनेस ६०० हवा. ट्रेनी मुलाने टायट्रेशन केलं आणि आला ४५०. उरलेले १५० कुठे गेले? कंडेन्सरच्या नळीत! तो ४५० चा 'चुकीचा' आकडा म्हणजे मशीनने मारलेली हाक आहे. पण ज्याला फर्स्ट इयरपासून अपेक्षित उत्तर लिहायची सवय आहे तो काय करेल? गेल्या आठवड्याच्या लॉगशीटवर नजर टाकेल, ६०० लिहील, सही करेल आणि चहाला जाईल. सहा महिन्यांनी नळ्या तुंबल्या की सगळे मिळून केमिकलच्या सप्लायरला शिव्या घालतील.

९.८, ९.८, ९.८ ची किंमत इथे कळते. सेट रीडिंगने मार्क मिळतात म्हणून ती निरुपद्रवी वाटतात. पण त्यातून आपण शिकतो ते हे, की आकडा हा विचारायचा नसतो, जुळवायचा असतो. ही विद्या आपण चार वर्षं घोकतो आणि मग पंचवीस किलोमीटरवरच्या कारखान्यात घेऊन जातो.

सोसायटीतला टीडीएसवाला

कंपनीत जायचं नसेल तर घरी तरी बघा. महापालिकेने नोव्हेंबर २०१९ मध्ये दिवसाआड पाणी सुरू केलं, त्याच्याही आधीपासून मोशी, चिखली, चऱ्होलीकडच्या नव्या सोसायट्या बोअर आणि टँकरवर दिवस काढत आल्या आहेत. बोअरचं पाणी जड, नळांना पांढरी खपली, गीझरची कॉइल वर्षात जाते. मग मीटिंगमध्ये एक विक्रेता येतो. खिशातून पेनासारखं टीडीएस मीटर काढतो, पाण्यात बुडवतो, 'बघा काका, ८००!' म्हणतो आणि लाखभराचा सॉफ्टनर गळ्यात मारून जातो.

टीडीएस मीटर खरं तर पाण्याची विद्युतवाहकता मोजतं. त्या ८०० मध्ये कॅल्शियम किती, सोडियम किती, हे त्याला कळत नाही. सॉफ्टनर कॅल्शियम-मॅग्नेशियम काढतो आणि त्या जागी सोडियम घालतो, त्यामुळे टीडीएस कमी होत नाही, झालाच तर किंचित वाढतो. आणि अल्कलिनिटी? तिला तो हातही लावत नाही. म्हणजे ज्या मीटरने रोग दाखवला त्याच मीटरने औषधाचा गुण दिसणार नाही, आणि जोडीतला एक आकडा शून्यावर आला तरी दुसरा जसाच्या तसा. असं पाणी नळांना खपली धरत नाही हे खरं, पण तेच पाणी बागेला घातलं तर सोडियमने माती बसते. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, २०१२ च्या आयएस १०५०० मध्ये, हार्डनेस आणि अल्कलिनिटी दोन्हींची मर्यादा २०० आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर ६००. दोन्ही कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशोबात. दोन्ही मोजायला लागणारं सामान आपल्या लॅबमध्ये. मग सोसायटीच्या मीटिंगमध्ये मागच्या खुर्चीवर मोबाइल बघत बसलेला भावी इंजिनिअर गप्प का?

मग करायचं काय?

नुसती टीका करून लेख संपवणं सोपं आहे, म्हणून तीन सूचना.

एक, 'सॅम्पल ए' आणि 'सॅम्पल बी' बंद करा. प्रत्येकाने आपल्या घरचं पाणी बाटलीत भरून आणावं. कोणाचं पवनेचं नळाचं, कोणाचं बोअरचं, कोणाचं टँकरचं. उत्तर कोणालाच आधी माहीत नसेल, म्हणजे कॉपी करायला काही उरणारच नाही. एका वर्षाच्या मुलांची रीडिंग नकाशावर मांडली तर अख्ख्या पिंपरी-चिंचवडच्या पाण्याचं चित्र हाती येईल. असं काम फर्स्ट इयरच्या पोरांनी केलं, हे रेझ्युमेत लिहायलाही बरं.

दोन, लॅबच्या कोपऱ्यात एक शंभर लिटरची खाऱ्या पाण्याची टाकी ठेवा. प्रवाळ नाही, फक्त खडक, शेवाळ आणि दोन मासे. रोज एका बॅचने अल्कलिनिटी आणि आठवड्यातून एकदा कॅल्शियम मोजून भिंतीवरच्या तक्त्यात लिहायचं. खोटं लिहिलं तर पुढच्या बॅचचं रीडिंग ते उघडं पाडेल.

तीन, मार्क रीडिंग जुळण्याला देऊ नका. ९.७, ९.९, १०.३ असं जसं आलं तसं लिहून, १०.३ का आलं असेल ते दोन ओळींत सांगणाऱ्याला मार्क द्या.

यावर काय म्हणतील तेही माहीत आहे. लॅबला वेळ नाही, एका बॅचला वीस पोरं, ब्युरेट आठ, त्यातली दोन गळकी. सगळं खरं आहे. सरांचंही चुकत नाही, सिलॅबस संपवायचा असतो. पण सेट रीडिंग लिहायला जेवढा वेळ आपण लॅबमध्ये काढतो, तेवढ्यात एक टायट्रेशन नीट होतं. गळक्या ब्युरेटसाठी अर्ज करायचा की गळक्या ब्युरेटमधूनही ९.८ काढायचं, हे आपल्याच हातात आहे.

टाकीतल्या माशाला एक्स्टर्नल एक्झामिनर नसतो. त्याला व्हायवा घेता येत नाही, मार्क कापता येत नाहीत. आकडा खोटा असेल तर तो गुपचूप पाण्यावर तरंगतो. कंडेन्सरचंही तसंच. तेव्हा पुढच्या प्रॅक्टिकलला ब्युरेट हातात घ्याल, तर शेजाऱ्याच्या जर्नलकडे बघू नका, फ्लास्ककडे बघा. रंग बदलला की थांबा, आणि जे दिसेल तेच लिहा. पान खाणाऱ्याने चुना पानाला लावावा. आपण तो निदान आकड्यांना तरी लावू नये!